राजीनाम्यावर सही करायच्या आधी

नोकरीतल्या भेदभावाबद्दल या वेळी इतकी पत्रं आलीत की अख्खं सदर त्यालाच दिलंय. बहुतेकांचं दुखणं एकच आहे, कामात चूक काही नाही पण मी बाई आहे म्हणून, माझी जात कळली म्हणून, मला नीट ऐकू येत नाही म्हणून वागणूक बदलली. नावं आणि कंपन्या काढून टाकल्यात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्यात, म्हणजे मातृत्व रजा, समान पगार यांचे जुने कायदे आता त्या संहितांमध्ये गेलेत. इथे विचारलेले हक्क गेलेले नाहीत, पत्ता बदललाय. ऑफिसमध्ये कोणी म्हणालं की तो कायदाच रद्द झाला, तर घाबरू नका.

प्रश्न : ताई, मी एका सॉफ्टवेअर कंपनीत चार वर्षं आहे, सहावा महिना चालू आहे. ऑफिसमध्ये सांगितलं तेव्हा सगळ्यांनी अभिनंदन केलं आणि पंधरा दिवसांत माझ्याकडचा प्रोजेक्ट काढून घेतला. आधीची सगळी रेटिंग चांगली, या वेळी एकदम खाली. आता एचआर म्हणते स्वतःहून राजीनामा दे म्हणजे रेकॉर्ड स्वच्छ राहील, बाळ मोठं झालं की परत घेऊ. घरचे म्हणतात या दिवसांत कशाला डोक्याला ताप, देऊन टाक. मला काहीच सुचत नाहीये.

उत्तर : राजीनामा देऊ नका. आज नाही, उद्या नाही, आणि "फक्त एक मेल टाक, बाकी आम्ही बघतो" म्हणाले तरी नाही. कारण सांगते. प्रसूती रजेवर असलेल्या बाईला त्या रजेच्या कारणावरून किंवा त्या काळात काढणं बेकायदेशीर आहे, आणि गरोदरपणात मधेच काढलं तरी तिचा प्रसूती लाभ त्यामुळे बुडत नाही, १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात हे होतं आणि आता सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. पण हे सगळं संरक्षण कंपनीने काढलं तर. तुम्ही स्वतः सोडलं की कंपनी म्हणणार आम्ही कुठे काढलं, त्या गेल्या, आणि मग राजीनामा दबावाखाली घेतला हे सिद्ध करायचं ओझं तुमच्या डोक्यावर येतं, तेही बाळ मांडीवर असताना. एचआरला हे पक्कं माहीत असतं म्हणूनच ती "काढतो" म्हणत नाही, "दे" म्हणते.

तुमचा हक्क किती ते आधी बघा. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत, प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असलं की पहिल्या दोन मुलांपर्यंत २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते, त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे प्रसूतीच्या आधी घेता येतात. कॉन्ट्रॅक्टवर असलेल्या मैत्रिणींनीही वाचा, २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका कंत्राटी डॉक्टरच्या केसमध्ये स्पष्ट सांगितलंय की कॉन्ट्रॅक्टची मुदत मधेच संपली म्हणून हा लाभ थांबत नाही.

आता करायचं काय. त्या मीटिंगमध्ये जे तोंडी बोललं गेलं ते कागदावर आणायचं. एचआरला साधा मेल टाका, भांडणाची भाषा नको, कायद्याची कलमं नकोत, साधारण असा : "आज दुपारच्या मीटिंगमध्ये तुम्ही मला स्वतःहून राजीनामा द्यायला सांगितलंत. कारण विचारलं तेव्हा मी पुढचे सहा महिने कामावर नसेन हे कारण दिलंत. राजीनामा द्यायचा माझा विचार नाही. अमुक तारखेपासून मी प्रसूती रजेवर जाणार आहे, डॉक्टरांचं पत्र जोडलंय. माझ्या समजण्यात काही चूक असेल तर कृपया लेखी कळवा." ती शेवटची ओळ अजिबात गाळू नका. त्यांनी उत्तर दिलं नाही तर तुमचं म्हणणं त्यांनी खोडलं नाही हे रेकॉर्डवर राहतं, आणि दिलं तर बहुतेक वेळा त्यात ते घाईघाईत "परफॉर्मन्स" हे नवीन कारण काढतात, जे मीटिंगमध्ये कोणी काढलंच नव्हतं. मी अशा उत्तरांची वाटच बघत असते, कारण मग जुनी चांगली रेटिंग आणि बातमी दिल्यानंतरचं हे रेटिंग शेजारी शेजारी ठेवली की तारखाच बोलतात.

ही अप्रेझलची पत्रं, पगाराच्या स्लिपा, ऑफर लेटर, तुमच्या प्रोजेक्टबद्दलचे मेल, हे आत्ताच आपल्याकडे घेऊन ठेवा, शेवटच्या दिवशी लॉगिन बंद होतं आणि मग हात चोळत बसावं लागतं. पण फक्त तुमच्याबद्दलचे कागद. क्लायंटच्या फाइली, कोड, दुसऱ्यांचा डेटा स्वतःच्या मेलवर पाठवलात तर गोपनीयता मोडली म्हणून काढायला त्यांच्या हाती आयतं कारण दिल्यासारखं होईल. व्हॉट्सअॅपचे मेसेज असतील तर स्क्रीनशॉट घ्याच पण मूळ मेसेजही डिलीट करू नका, फोन बदलू नका, रिसेट तर मुळीच करू नका, कारण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर प्रमाणपत्र लागतं आणि मूळ उपकरण हातात असलं की ते काम सोपं जातं.

एवढं करूनही काढलं किंवा लाभ नाकारला तर तो आदेश हातात पडल्यापासून ६० दिवसांत सक्षम अधिकाऱ्याकडे अपील करायचं असतं. साठ दिवस ऐकायला खूप वाटतात, पण नवव्या महिन्यातले किंवा बाळंतपणानंतरचे साठ दिवस कसे जातात ते कळतही नाही, म्हणून वकील आत्ताच बघून ठेवा, लागला नाही तर उत्तमच. आणि घरच्यांना सांगा की ताप वाचत नाहीये, फक्त तुमच्या एकटीच्या खात्यावर टाकला जातोय.

प्रश्न : मी अकाउंट्समध्ये असिस्टंट मॅनेजर आहे. माझ्यानंतर लागलेल्या पुरुष सहकाऱ्याला माझ्यापेक्षा बराच जास्त पगार आहे, काम तेच, उलट त्याला शिकवलं मी. विचारलं तर म्हणतात त्याच्यावर घर चालतं. आणि मी मॅनेजर लेव्हलला असल्यामुळे मला कामगार कायदे लागत नाहीत असंही सांगितलं. खरं का हे?

उत्तर : त्याच्यावर घर चालतं हे त्यांनी लेखी दिलं असेल तर तो मेल जपून ठेवा, तुमची निम्मी केस त्या एका वाक्यात आहे.

मॅनेजरला कामगार कायदे लागत नाहीत हे म्हणणं अर्धवट खरं आहे आणि अर्धवट खरं म्हणूनच लोक फसतात. औद्योगिक वादाच्या कायद्यात "कामगार" कोण याची व्याख्या आहे आणि व्यवस्थापकीय काम करणारा त्यात बसत नाही (तिथेही कार्डावरचं पद बघत नाहीत, रोजचं प्रत्यक्ष काम बघतात, नुसतं असिस्टंट मॅनेजर नाव दिलं आणि दिवसभर व्हाउचर एंट्रीच करायला लावली तर तो मॅनेजर होत नाही). पण वेतन संहिता २०१९ मध्ये "कर्मचारी" हा शब्द आहे आणि त्यात मॅनेजरसुद्धा येतात. त्या संहितेचं कलम ३ सांगतं की एकाच मालकाकडे सारखं काम किंवा सारख्या स्वरूपाचं काम असेल तर स्त्री-पुरुष म्हणून पगारात फरक करता येणार नाही. १९७६ च्या समान वेतन कायद्यात हेच होतं.

"सारख्या स्वरूपाचं" या शब्दांवर सगळं भांडण होतं. कंपनी म्हणणार त्याचं काम वेगळं आहे. म्हणून आत्तापासून एक वही करा, तुम्ही काय करता आणि तो काय करतो, जीएसटी रिटर्न कोण भरतं, बँक रिकन्सिलिएशन कोण करतं, ऑडिटरसमोर कोण बसतं, सही कोणाची लागते, हाताखाली किती माणसं. कायदा कौशल्य, कष्ट, अनुभव, जबाबदारी आणि कामाची परिस्थिती बघतो, त्याच क्रमाने लिहिलंत तर वकिलाचे दोन तास वाचतील. मॅकिनन मॅकेन्झी या कंपनीच्या महिला स्टेनोग्राफरचा खटला १९८७ मध्ये सुप्रीम कोर्टात निकाली निघाला, तिथेही कंपनी हेच म्हणत होती की या बायका साहेबांच्या खास स्टेनो आहेत, त्यांचं काम वेगळं. कोर्टाने ते मानलं नाही, युनियनबरोबर तसा करार झालाय हेही मानलं नाही, आणि कंपनीला परवडत नाही हे कारण तर अजिबात ऐकलं नाही.

सहकाऱ्याची सॅलरी स्लिप एचआरच्या फोल्डरमधून काढायला जाऊ नका. दावा दाखल झाला की अधिकारी कंपनीकडून रेकॉर्ड मागवू शकतो. दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे आणि फरकाच्या रकमेवर दहापटीपर्यंत भरपाई द्यायचा अधिकारही संहितेत आहे. कमाल आहे ती, दर वेळी मिळते असं समजू नका. दुसऱ्यांचा पगार कमी करून "आता समान झालं" असं कंपनीला करता येत नाही, हेही त्याच कलमात आहे.

प्रश्न : मी अनुसूचित जातीतला आहे, खाजगी कंपनीत सीनियर सुपरवायझर. प्रोफाइलवर जयंतीचा फोटो टाकला तेव्हापासून साहेबाचं बोलणं बदललं. कॅन्टीनमध्ये सगळ्यांसमोर जातीवरून बोलला, केबिनमध्ये त्याहून वाईट बोलला. दोन वेळा प्रमोशन डावललं. मित्र म्हणतात अॅट्रॉसिटी टाक. पण त्यानंतर नोकरी राहील का?

उत्तर : दादा, तुमच्या पत्रात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि कायदा त्या दोघींना वेगळं वागवतो, हे मला स्वतःला फार खुपतं पण तुम्हाला खरं काय ते सांगायला हवं.

अपमान ही पहिली. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याप्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला लोकांच्या नजरेत येईल अशा ठिकाणी अपमानित करण्याच्या हेतूने बोलणं, जातीवरून शिवी देणं हा गुन्हा आहे, सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. एफआयआर घेण्याआधी प्राथमिक चौकशी लागत नाही, २०१८ च्या दुरुस्तीने ते साफ केलंय, तपास डीवायएसपी दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो. पण "लोकांच्या नजरेत" हे शब्द कोर्ट फार काटेकोर बघतं. चार भिंतींच्या आत, बाहेरचं कोणी नसताना बोललेलं या कलमात बसत नाही असं सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये सांगितलंय. म्हणजे केबिनमधलं जास्त लागलं असलं तरी केस उभी राहील ती कॅन्टीनवर. तर आज रात्रीच बसून लिहून काढा, तारीख, वेळ, नेमके शब्द (शब्द सौम्य करू नका, जसे बोलला तसेच), कोणत्या टेबलावर कोण बसलं होतं. साक्षीदार नोकरीला घाबरणार, हे धरून चला. त्यांना साक्ष दे म्हणून गळ घालू नका, त्या दिवशी त्यांच्याशी मेसेजवर या विषयावर काही बोलणं झालं असेल तर ते जपा, "सर आज जरा जास्तच बोलले" एवढा एक मेसेजसुद्धा कामाला येतो.

प्रमोशन ही दुसरी. सरकारी नोकरीत राज्यघटनेची कलमं १४, १५, १६ थेट लागतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने, लग्न केलं म्हणून १९८८ मध्ये लष्करी नर्सिंग सेवेतून काढलेल्या एका अधिकारी बाईंना ६० लाख रुपये भरपाई द्यायला लावली ती याच जोरावर. खाजगी कंपनीला ही कलमं थेट लागत नाहीत, आणि खाजगी नोकरीत जातीवरून प्रमोशन नाकारणं बेकायदेशीर ठरवणारा एक सर्वसमावेशक कायदा आपल्या देशात नाही. व्हायला हवा, किती वर्षं हवा, पण नाही. मग धरायचं काय? तुम्ही कायद्याच्या भाषेत "कामगार" ठरत असाल (वरच्या उत्तरातलं रोजच्या कामाचं तत्त्व इथेही लागू, शिवाय देखरेखीचं काम असेल तर पगाराची मर्यादाही आहे) तर गुणवत्ता न बघता एका गटाला झुकतं माप देणं, सूडबुद्धीने काढणं, वाईट हेतूने बदली करणं या सगळ्या अनुचित कामगार प्रथा आहेत, आणि त्याविरुद्ध दाद मागता येते. प्रमोशनचे निकष लेखी मागवा, ज्याला मिळालं त्याचा अनुभव आणि तुमचा अनुभव शेजारी मांडा.

नोकरी राहील का हे विचारलंत. तक्रारीनंतर लगेच बदली, मेमो, रात्रपाळी सुरू झाली तर प्रत्येक गोष्टीला लेखी उत्तर द्या आणि त्यात तक्रारीची तारीख लिहा. तक्रारीआधी एकही मेमो नसणं आणि नंतर ओळीने मेमो येणं, हे सूडाचं सगळ्यात बोलकं चिन्ह असतं. फौजदारी तक्रार आणि कंपनीतली लेखी तक्रार दोन्ही करा, एकाने दुसरी अडत नाही. जातीचा दाखला काढलेला नसेल तर या आठवड्यात त्यामागे लागा.

प्रश्न : साहेबाला नकार दिला म्हणून माझी शिफ्ट बदलली, इन्सेंटिव्ह थांबवलं. हात वगैरे लावला नव्हता, फक्त मेसेज आणि बाहेर चल म्हणणं. आता पाच महिने झालेत, उशीर झाला का?

उत्तर : पूर्ण गेलेलं नाही, पण घाई करा. लैंगिक छळ म्हणजे अंगाला हात लावणंच नाही, नको असलेले मेसेज, मागणी, आणि "ऐकलं नाहीस तर बघ" अशा उघड किंवा आडून दिलेल्या धमकीने नोकरीवर परिणाम करणं हेसुद्धा २०१३ च्या कायद्यात येतं. तक्रार तीन महिन्यांत द्यायची असते, तेवढ्यात देता न येण्याचं सबळ कारण लिहिलं तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. आणि मुदत शेवटच्या घटनेपासून मोजतात, त्यामुळे शेवटचा मेसेज कधीचा आहे ते बघा, कदाचित तुम्ही अजून पहिल्या तीन महिन्यांतच असाल. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती हवीच, नसेल तर मालकाला ५० हजारांपर्यंत दंड आहे आणि तुम्ही थेट जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाऊ शकता. चौकशी ९० दिवसांत संपवायची असते, तोवर बदली किंवा तीन महिन्यांपर्यंत रजा मागता येते, ही मागणी तक्रारीतच लिहा, नंतर वेगळी लिहिण्यात वेळ जातो.

प्रश्न : आजारानंतर मला ऐकू कमी येतं. कंपनी म्हणते मीटिंगमध्ये तुमचा उपयोग नाही, दुसरं बघा. ४० टक्क्यांचं सर्टिफिकेट नाही माझ्याकडे.

उत्तर : ४० टक्के लागतात ते आरक्षण आणि योजनांसाठी. भेदभावाविरुद्धच्या संरक्षणाला ती अट नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत, ऐकू कमी येणं त्यात आहे, आणि वाजवी सोयी नाकारणं हाच भेदभाव धरलाय. म्हणून "माझ्यावर अन्याय होतोय" एवढंच न लिहिता नेमकी सोय मागा : ऑनलाइन मीटिंगमध्ये कॅप्शन चालू ठेवा, मुद्दे आधी मेलवर पाठवा, मला बोलणाऱ्याच्या समोर बसू द्या. यात कंपनीचा खर्च जवळपास शून्य आहे, आणि असली मागणी नाकारली की त्यांची बाजू लंगडी पडते. कंपनीचं समान संधी धोरण मागवा, प्रत्येक आस्थापनेने ते करायचं असतं. त्यानंतर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार, महाराष्ट्रात हे कार्यालय पुण्यात आहे. सरकारी खात्यात असाल तर अजून भक्कम, नोकरीत असताना अपंगत्व आलं म्हणून तिथे काढताच येत नाही, दुसरं काम द्यावं लागतं.

प्रश्न : हे सगळं वाचायला बरं वाटतं, पण वकिलाची फी कुठून आणायची? एकाने सांगितलं फी नको, जिंकल्यावर मिळेल त्यातले तीस टक्के द्या.

उत्तर : त्याच्याकडे जाऊ नका. निकालाच्या रकमेत टक्केवारी ठरवून केस घेणं बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही, आणि जो सुरुवातच नियम मोडून करतो तो पुढे तडजोड तुमच्यासाठी करेल की स्वतःच्या वाट्यासाठी हे सांगता येत नाही.

फीची अडचण खरी आहे, पण विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चं कलम १२ बघा. महिला, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो, बाकीच्यांना उत्पन्नाची मर्यादा आहे. म्हणजे आज ज्यांची पत्रं वर छापलीत त्यातले जवळपास सगळे यात बसतात आणि पत्रात एकानेही याचा उल्लेख केलेला नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, तालुक्याला समिती असते, १५१०० हा हेल्पलाइन नंबर आहे. अर्ज साधा असतो, कोर्ट फीसुद्धा त्यातून भागते. मिळालेला वकील लक्ष देत नसेल तर बदलून मागता येतो, लाजू नका, लेखी मागा. कामगार न्यायालयात युनियनचा पदाधिकारीही तुमची बाजू मांडू शकतो, आणि वर्षानुवर्षं हेच काम केलेल्या पदाधिकाऱ्याला नव्या वकिलापेक्षा जास्त माहीत असतं.

पहिल्या भेटीला जाताना एकच पान घेऊन जा, डावीकडे तारीख, उजवीकडे काय झालं आणि त्याचा कागद कोणता. आणि वकिलाला बाकी काही विचारण्याआधी हे विचारा : माझ्या केसमध्ये शेवटची तारीख कोणती आहे? मातृत्व लाभाला ६० दिवस, महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याखाली अनुचित प्रथेच्या तक्रारीला ९० दिवस, खाजगी शाळेतल्या शिक्षकाला शाळा न्यायाधिकरणात फक्त ३० दिवस, सरकारी कर्मचाऱ्याला प्रशासकीय न्यायाधिकरणात सर्वसाधारणपणे एक वर्ष. वकिलाने तारीख सांगितली की ती त्याच पानावर सगळ्यात वर लिहा.